कोलंबीचं डोकं, साल, शेपटी टाकून दिली तर पोषण वाया जातं का?

बडोद्यात अख्खी कोलंबी आणून सोलली की निम्मी कचऱ्यात जाते, मग पोषणही निम्मं जातं का, असं तुम्ही विचारलंय. वजन जातं, पोषण तितकं जात नाही. किलोभर कोलंबी सोलून हाती जेमतेम अर्धा किलो लागते, पण खरा ऐवज तोच. १०० ग्रॅम कच्च्या सोललेल्या कोलंबीत साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, चरबी जेमतेम एक ग्रॅम, शिवाय बी-१२, सेलेनियम आणि आयोडीन.

डोक्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या सीकेपी घरात त्यावरून कायम दोन तट असतात. डोक्यातला पिवळा-नारिंगी मऊ भाग म्हणजे कोलंबीचं यकृत आणि स्वादुपिंड एकत्र. चरबी तिथे साठते, म्हणून ओमेगा-३ आणि चवही तिथेच. पण कोलेस्टेरॉलही तिथे जास्त, आणि पाण्यात कॅडमियम हा विषारी धातू असेल तर तेही तिथेच जमा होतं. मोठ्यांनी कधीतरी डोकं चोखून खाल्लं तर हरकत नाही. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी देत नाही. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांभाळायला सांगितलं असेल तर डोकं सोडा.

त्यात आपल्याकडे माल बंदरावरून बर्फात येतो. कोलंबी मेली की याच अवयवातले पाचकरस आजूबाजूचं मांस विरघळवायला लागतात, म्हणून आधी मानेशी ती पिचपिचीत होते. विकणारा ‘ताजा ज छे, बेन’ म्हणाला तरी एक उचलून बघा. डोकं धडाला घट्ट हवं. ते लोंबत असेल किंवा काळं पडलं असेल, तर डोक्यांचा रस्सा करायचा विचार सोडून द्या.

साल म्हणजे मुख्यतः कायटिन, कॅल्शियम कार्बोनेट आणि प्रथिनं. कायटिन आपल्याला फारसं पचत नाही. सालं उकळली की कॅल्शियम पाण्यात उतरतं असं पुष्कळ जण सांगतात, पण साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. चव आणि रंग मात्र मिळतो, आणि तो तेलात. अ‍ॅस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य कच्च्या कोलंबीत एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ती राखाडी दिसते. आच लागली की ते सुटतं, आणि ते चरबीत विरघळणारं आहे. म्हणून दोन चमचे तेलात ताजी डोकी-सालं परता. तेल केशरी झालं की पाणी घालून वीसेक मिनिटं उकळा, गाळा आणि त्याच पाण्यात सोड्यांची खिचडी टाका. नुसत्या पाण्यात उकळलेल्या सालांना ही गोडी येत नाही.

कॅल्शियमच हवं असेल तर सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, खा. ती सालासकट पोटात जाते, म्हणून खरंच उपयोगी. फक्त मीठ जावं म्हणून दोनतीनदा धुवा.

शेपटीच्या टोकाला साल आणि चिमूटभर मांस, बाकी काही नाही. पाठीतला काळा दोरा म्हणजे आतडं. शिजल्यावर तो बाधत नाही, पण वाळू कचकचते, म्हणून मोठ्या कोलंबीचा काढा, बारीकचा राहू द्या.

घरात कुणाला कोलंबीची अ‍ॅलर्जी असेल तर साल काढल्याने काही फरक पडत नाही. अ‍ॅलर्जी मुख्यतः मांसातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची असते. ते शिजवूनही टिकतं आणि उकळलेल्या पाण्यातही उतरतं, तेव्हा त्या माणसाला रस्साही वाढू नका, आणि त्याचं जेवण वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात करा.