पोळ्याच्या गिलासाचं नंतर, आधी बाबांची दाढ बघा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बाबांचं गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) संपून आठ महिने झाले, तपासणी चांगली आली. आता काका म्हणतात की पोळ्याला मोहाच्या दारूची एक गिलास घेतली तर काही होत नाही, ती शुद्ध असते. डॉक्टर नुसतं 'टाळा' म्हणाले. तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं, पण तुमच्या शेवटच्या ओळीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. बाबांची खालची दाढ दुखते आणि रात्री घोटभर तोंडात धरली की झोप लागते, असं तुम्ही लिहिलंय. मी तिथेच थांबलो. माझी गोष्ट याच ओळीपासून सुरू झाली होती.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे, वीस वर्षं खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) खाल्ला, २०१७ मध्ये डाव्या गालाचं ऑपरेशन झालं, मग तीस शेक. ते संपले २०१८ च्या फेब्रुवारीत. त्या वर्षी पोळा सप्टेंबरात आला, म्हणजे मलाही जवळपास तुमच्या बाबांइतकेच महिने झाले होते. बैल धुतले, तोरणाखाली नेले, आणि संध्याकाळी आमच्याच बैठकीत एक जण म्हणाला, "अबे, एका गिलासानं काय होते? मोहाची हाये, काई केमिकल नाई तिच्यात." वर्षभर नळीतून पेज घेतलेल्या माणसाला चार लोकांत बसून गिलास हातात घेणं म्हणजे पुन्हा माणसात आल्यासारखं वाटतं. म्हणून काकांवर रागावू नका. ते प्रेमानंच म्हणत असतील.

पण शुद्ध-अशुद्ध हा मुद्दाच नाही. मोहाची असो, देशी असो की बंद बाटलीतली इंग्लिश, आतला अल्कोहोल तोच. शरीरात आणि तोंडातल्या जंतूंकडून त्याचा ॲसिटाल्डिहाइड बनतो आणि तो पेशींना इजा करतो. तंबाखू आणि दारू एकत्र आले की धोका एकात एक मिळवून होत नाही, गुणाकारानं वाढतो. बाबांच्या गालाचा एक तुकडा काढला, पण उरलेलं तोंड, घसा, अन्ननलिका यांनीही तोच खर्रा इतकी वर्षं सोसलाय. जुना आजार उलटायचा धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो, आणि नवीन जागी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका त्याच्याही नंतर राहतो. त्यामुळे माझं मत विचाराल तर एक गिलाससुद्धा नाही. कोणी डॉक्टर वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका, त्यांच्यासमोर फाइल असते, माझ्यासमोर नाही.

आता दाढेचं, मला खरं तेच सांगायचंय.

शेकानं लाळेच्या ग्रंथी सुकतात. लाळ दातांना धुते, सांभाळते. ती नसली की दात हिरडीजवळून किडतात, भराभर. दारूनं तोंड आणखी कोरडं पडतं. दिवाळीच्या सुमारास माझी खालची डावी दाढ ठणकायला लागली. आमच्याकडे जुनी रीत आहे, दाढ दुखली की दारूचा घोट त्या बाजूला धरून ठेवायचा. बधिर होते, खरंच होते. मी तीन महिने तेच केलं. तेवढ्यात कीड मुळापर्यंत गेली, आणि दुखणं दबल्यामुळे मी कोणाला दाखवलंच नाही. घरच्यांना वाटायचं मी पुन्हा पिणारा झालो. मी म्हणायचो औषध आहे.

फेब्रुवारी २०१९ मध्ये राहवेना, तेव्हा बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलो आणि दाढ काढून घेतली. डॉक्टरांनी बीपी, शुगर विचारली. शेक घेतलाय का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं दाढेचा आणि कॅन्सरचा काय संबंध. पाच मिनिटांत दाढ बाहेर. ती जखम भरलीच नाही. दोन महिन्यांनी जिभेला काहीतरी टोचायला लागलं, आरशात पाहिलं तर हाड.

शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. दात उपटला की खालचं हाड भरून यायला ताकद पुरत नाही असं होऊ शकतं, मग ते मरायला लागतं. हा धोका वर्ष-दोन वर्षांनी संपत नाही, पुढेही राहतो. दारू-तंबाखू चालू असेल तर आणखी वाढतो. माझ्या बाबतीत गोळ्या झाल्या, मलमपट्टी झाली, शेवटी २०१९ च्या दिवाळीआधी जबड्याचा तुकडा काढून पायाचं हाड लावावं लागलं. कॅन्सर परत आला नव्हता, तरी कॅन्सरपेक्षा मोठं ऑपरेशन झालं. त्या वर्षीची तूर आणि एक बैलजोडी त्यात गेली. पोळ्याला सजवलेली तीच जोडी.

सगळ्यात जास्त दुखतं ते याच्यापुढचं. दुसऱ्या ऑपरेशनसाठी जुनी फाइल काढली तेव्हा मुलीनं सुट्टीचा (डिस्चार्जचा) कागद वाचला. इंग्रजीत छापलेली सूचना होती: आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नये. शेक संपला त्या दिवशी खिडकीवर माझी सही घेतली, पुढची तारीख सांगितली आणि कागद हातात दिला. कोणी वाचून दाखवला नाही. त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, तिथल्याच हातांनी मला वाचवलंय. पण मराठीत एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? खेड्यातून आलेल्या माणसाला इंग्रजी कागद देऊन 'सांगितलं होतं' म्हणता येत नाही. 'दारू टाळा' हेही त्याच कागदावर होतं. का टाळायची, हे कळलं असतं तर बहुतेक मी टाळली असती.

म्हणून बाबांची दाढ गावात काढू नका. शेक जिथे घेतला तिथल्याच दातांच्या विभागात फाइलसकट न्या, आणि दाखवताना पहिलं वाक्य शेकाचं बोला. बऱ्याचदा दात न उपटता रूट कॅनॉल करून ठेवतात. फ्लोराइडची जेलही विचारा. तोपर्यंत लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खायचा सोडा टाकून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायला सांगा. बाजारातलं झोंबणारं माऊथवॉश आणू नका, त्यातल्या कितीतरींत अल्कोहोल असतो. ताकदीसाठी कोणी द्राक्षासव किंवा एखादं अरिष्ट आणून दिलं असेल तर बाटलीवर वाचा, त्यातही असतो. मी ते सहा महिने घेत होतो.

एक महत्त्वाचं. बाबांची 'थोडी' खरंच थोडी आहे का, हे आईला एकटीला विचारा. रोजची आणि जास्त असेल तर एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, माणूस भ्रमात जातो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना खरा आकडा सांगून त्यांच्या औषधावर सोडवा. आम्ही लोक हा आकडा निम्मा करून सांगतो. मीही सांगितला होता.

आणि आज संध्याकाळी बाबांना तोंड उघडायला सांगा. तोंड किती उघडतं ते कळायला त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. माझी त्या वेळी दीडच जात होती. किती जातात आणि दाढेजवळ हिरडी उघडी दिसते का, ते लिहा. मी रात्री पाणी द्यायला शेतात असतो, उशिरा का होईना उत्तर देईन.