सरकारी नोकरी हवी, मग सरकारी शाळा का नको?

प्रश्न : माझी मुलगी बीड जिल्ह्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपला जिल्हा परिषदेची शाळा मिळाली. निम्मी मुलं ऊसतोड कामगारांची. त्या पोरांपुढे पाठ घेऊन ती काय शिकणार? पाठांची लेखी पूर्वतयारी, म्हणजे टाचणं, सोडून ती पालकांच्या घरी जाते. ओळखीने शहरातली इंग्रजी शाळा मिळवून देतो म्हटलं, तर ऐकत नाही. शिक्षकाने सगळ्यांना सारखं शिकवावं, बाकी सरकार बघेल. तिला सरकारी नोकरी लागावी, एवढीच इच्छा आहे. तुम्ही समजवा. – एक पालक

उत्तर : नमस्कार. तुमच्या मुलीची मला काळजी वाटली नाही. ‘त्या पोरांपुढे’ हे तुमचे शब्द मात्र खुपले. तुम्हाला हवी असलेली सरकारी नोकरी लागली, तर ती कुठे लागणार? जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत. समोर हीच मुलं असतील. घरी जेवताना त्यांच्याविषयी रोज असं बोललं गेलं, तर उद्या तिने त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघावं?

परीक्षांचं थोडक्यात सांगतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि शेवटी शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ असलेलं पवित्र पोर्टल, हा रस्ता ठरलेलाच आहे; ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वर पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरता येत नाही, म्हणून तिने टीईटीचा दुसरा, सहावी ते आठवीसाठीचा पेपर धरावा.

आता ‘सारखं शिकवण्या’बद्दल, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. सातवीतली एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर गेलेत, ती आजीपाशी राहिली आहे. पाणी भरून, भाकरी टाकून, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून ती अर्धा तास उशिरा पोचते. सगळ्यांना सारखा नियम लावणारा शिक्षक तिला दाराबाहेर उभं करतो. वर ‘वहीवर पालकांची सही कुठंय?’ म्हणून विचारतो. जी मुलं फडावर जातात, ती हंगाम संपल्यावर परततात. तोवर वर्गात अपूर्णांक शिकवून झालेले असतात आणि यांच्या नावापुढे ‘गणितात कच्चा’ असा शेरा पडतो. वर्ग कुणी झाडायचा आणि पाहुण्यांपुढे धडा कुणी वाचायचा, हे कित्येकदा आडनावावरून ठरतं. ठरवणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. नव्या शिक्षकाच्या हे ध्यानात यावं, म्हणूनच बी.एड.ला ‘लिंगभाव, शाळा आणि समाज’ हा विषय आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे सांगितलं होतं, की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणी मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. तुमची मुलगी त्या घरांपर्यंत आपल्या पायांनी जाते आहे. तिला अडवू नका.

टाचणांबाबत तुमचं बरोबर आहे. ती वेळेवर लिहून, तपासून घ्यायलाच हवीत, त्यात सूट नाही. पण दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये इंटर्नशिपला २० आठवडे दिले आहेत ते काही नुसते पाठ उरकायला नाहीत. गेल्या हंगामात ज्यांचा अभ्यास बुडाला, त्यांचे अपूर्णांक कसे भरून काढता येतील, हाच विषय तिने कृतिसंशोधनाला, म्हणजे वर्गातली अडचण शोधून तिच्यावर उपाय करून बघण्याच्या प्रकल्पाला, घ्यावा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं शिक्षण हमी कार्ड कसं भरतात, हे मुख्याध्यापकांकडून शिकून घ्यावं. मुलाखतीत कुणी विचारलं, तर तिच्याकडे सांगण्यासारखं स्वतःचं काम असेल.

आणि एक काम तुमच्यासाठी. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. त्याआधी एका संध्याकाळी तिच्यासोबत जा. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या आई-बापांना, ‘पोरीला सोबत नेऊ नका, हंगामी वसतिगृहात ठेवा’ हे पटवायला किती वेळ लागतो, आणि ते कशाची भीती सांगतात, हे तिथे बसून ऐका. तोवर शाळा बदलण्यासाठी कुणालाही फोन करू नका.