प्रवासात रोजच्या वापरातल्या वस्तूंची छोटी संग्रहालयं बघायला वेळ काढावा का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं. "पेन्सिल बघायला कोणी एवढ्या लांब जातं का, असं सोबतचे विचारतात." हेच वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतेय. बोलणारा माझा नवरा. तेव्हा उत्तर अनुभवाचं आहे असं समजा.

वेळ काढावा, पण सरसकट नाही. मोठ्या संग्रहालयांशी माझं वैर नाही. पण तिथे तिसऱ्या दालनापर्यंत माझे पाय बोलायला लागतात आणि पुढच्या हजार वर्षांच्या इतिहासावरून नजर नुसती घरंगळत जाते. छोट्या ठिकाणी एकच वस्तू असते, तीही आपण रोज हाताळतो ती. तिच्याबद्दल काही माहीत करून घ्यायचं आहे हेच आपल्याला आत जाईपर्यंत ठाऊक नसतं.

पेन्सिलचंच घ्या. उत्तर इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक नावाचं गाव आहे. तिथे डर्वेंट पेन्सिल म्युझियम आहे आणि आत शिरायचं ते खाणीच्या प्रतिकृतीतून. पेन्सिल आणि खाण? तर शेजारच्या बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्रॅफाइट सापडलं. तेही इतकं शुद्ध आणि घट्ट, की करवतीने कापून थेट काड्या काढता येत. वादळात झाडं उन्मळून पडली आणि मुळांखाली हे काळं काहीतरी दिसलं, अशी तिथली दंतकथा. सुरुवातीला मेंढपाळ त्याने मेंढ्यांवर खुणा करायचे. पुढे लक्षात आलं की तोफगोळ्यांच्या साच्याला आतून हे लावलं तर गोळा गुळगुळीत निघतो, आणि मग भाव असा चढला की खाणीवर सशस्त्र पहारे बसले. १७५२ साली तर ग्रॅफाइटची चोरी हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच ब्रिटिश संसदेने केला. पेन्सिलीच्या आतल्या त्या काडीसाठी!

आपण मराठीत शिसपेन्सिल म्हणतो. शिसं तिच्यात औषधालाही नसतं. ग्रॅफाइट सापडलं तेव्हा लोकांना ती शिशाचीच एक जात वाटली. तो कार्बन आहे हे शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ साली दाखवलं, पण तोवर नाव चिकटून बसलं होतं. इंग्रजी आणि जर्मन भाषांनीही हीच चूक जपून ठेवली आहे. शाळेत असताना पेन्सिलीचं टोक चावलं म्हणून "शिसं पोटात जाईल" असा जो धाक मिळायचा, तो सगळा फुकट गेला म्हणायचा. (चावू नका, ते वेगळं.)

मग फ्रान्स आणि ब्रिटनचं युद्ध जुंपलं आणि फ्रान्सला इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना. १७९५ साली निकोला-जाक काँते या माणसाने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मळली, तिच्या काड्या केल्या आणि भट्टीत भाजल्या. माती जास्त घातली की काडी कडक आणि रेघ फिकट, माती कमी की मऊ आणि काळीभोर. दुकानात आपण एचबी मागतो की टूबी, त्यामागे अजून हाच हिशोब आहे. टंचाईतून निघालेली ही तोड मूळ शुद्ध ग्रॅफाइटपेक्षा सोयीची ठरली आणि आज जगभर पेन्सिली त्याच पद्धतीने होतात.

केझिकच्या त्या संग्रहालयात नवरा बाहेरच थांबणार होता, पाऊस आला म्हणून आत आला. आणि एका काचेच्या पेटीसमोर माझ्यापेक्षा जास्त वेळ उभा राहिला. पेटीत दुसऱ्या महायुद्धातली पेन्सिल होती. वरून साधी हिरवी, आत पोकळ. त्या पोकळीत गुंडाळलेला पातळ कागदाचा नकाशा आणि खोडरबराखाली इवलंसं होकायंत्र. शत्रूच्या मुलखात विमान पडलं तर वैमानिकाला वाट काढता यावी म्हणून चार्ल्स फ्रेझर-स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ती निघाली. कारखाना सुटल्यावर मोजकी माणसं मागे थांबून तयार पेन्सिली पोखरत. बाकीच्या कामगारांना पत्ता नव्हता. तिथे जवळजवळ आठ मीटर लांबीची एक रंगीत पेन्सिलही टांगलेली आहे. फोटो सगळे तिचाच काढतात. मीही काढला, पण तिच्यात बघण्यासारखं काही नाही, नुसतीच मोठी आहे.

माझी निवडीची कसोटी इथेच तयार झाली. ही वस्तू अशीच का झाली, हे ते संग्रहालय सांगतं का? सांगत असेल तर वाकडी वाट करून जावं. नुसत्या पाच हजार नमुन्यांच्या रांगा असतील तर पंधरा मिनिटांत डोळे विटतात.

या कसोटीला पुरेपूर उतरणारं दुसरं ठिकाण म्हणजे स्वीडनमधल्या यॉनशॉपिंगचं काडेपेटी संग्रहालय. इमारत म्हणजे जुना काड्यांचा कारखानाच आहे. पूर्वीच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस असे. त्या कुठेही घासल्या की पेटत, खिशात घासल्या तरी. कारखान्यातल्या कामगारांना, त्यात बायका-मुलं भरपूर, त्या वाफेने जबड्याचं हाड सडण्याचा रोग होई. १८४४ साली गुस्टाफ एरिक पाश या स्वीडिश शास्त्रज्ञाने पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी की फॉस्फरस काडीवर नकोच, तोही पांढरा नको. बिनविषारी तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावायचा, म्हणजे दोघांची गाठ पडल्याशिवाय आग नाही. याच गावातल्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी ती काडेपेटी बाजारात चालवून दाखवली. तरीही विषारी काड्या स्वस्त पडत म्हणून विकल्या जातच राहिल्या, आणि त्यांच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९०६ साल उजाडावं लागलं. पेटीच्या कडेची तपकिरी पट्टी मी लहानपणापासून बघत आले होते, ती काडीपासून वेगळी का ठेवली असेल हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

जपानमध्ये कोबेला ताकेनाका सुतारकामाच्या हत्यारांचं संग्रहालय आहे, १९८४ पासूनचं. तिथे एका भिंतीवर एका सुताराची हत्यारं मांडली आहेत. १९४३ साली केलेल्या पाहणीत नीट काम करायला लागणारी हत्यारं मोजली, ती १७९ निघाली. तेवढी सगळी समोर. जपानी करवत आपल्याकडे ओढताना कापते, म्हणून तिचं पातं पातळ ठेवता येतं. ढकलून कापणाऱ्या करवतीचं पातं तेवढं पातळ केलं तर वाकेल. रंधाही तिथे ओढायचाच. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे हातात घेऊन हुंगता येतात. इथे मी तीन तास काढले आणि त्या दिवशीचं ठरलेलं देऊळ बुडालं. पश्चात्ताप झाला नाही.

आता या कसोटीत न बसणारी, तरीही जावीच अशी एक जात आहे. तिथे वस्तूपेक्षा ती ठेवणारा किंवा देणारा माणूस महत्त्वाचा. क्रोएशियाची राजधानी झाग्रेबमध्ये तुटलेल्या नात्यांचं संग्रहालय आहे. एका जोडप्याने वेगळं होताना घरातल्या वस्तूंचं काय करायचं या विचारातून ते सुरू केलं, २०१० पासून त्याला कायमची जागा आहे. लोकांनी पाठवलेल्या अगदी किरकोळ वस्तू आणि शेजारी त्यांनीच लिहिलेला मजकूर, एवढंच. बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड आहे. ती देणाऱ्या बाईची प्रेयसी दुसरीकडे गेली, तिचं फर्निचर मागे राहिलं. ती परत येईपर्यंत देणारीने रोज एकेक सामान त्या कुऱ्हाडीने फोडलं. मजकूर वाचून शेजारची एक अनोळखी बाई खुदकन हसली आणि लगेच ओशाळली. मलाही तसंच झालं. हे मात्र घाईत बघू नका, आणि नुकतंच काही बिनसलं असेल तर मुळीच बघू नका.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय याच जातीतलं मानते मी. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री यांकडे इतकं टक लावून बघणारा माणूस कसा असेल, असं तिथे सारखं वाटत राहतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या पीक्स बेटावर एका बाईंनी छत्र्यांच्या खोळी जमवल्या. छत्र्या नव्हे, खोळी! २०१२ साली ७३० खोळींचा गिनेस विक्रम झाला. मी ते पाहिलेलं नाही, पण आपण पहिल्याच पावसात हरवतो ती गोष्ट कोणीतरी सांभाळून ठेवतं, हे ऐकूनच बरं वाटतं.

तिसरी जात टाळा. रंगीत भिंती, झोपाळे, आरसे, दर दहा पावलांवर 'इथे फोटो काढा'. नावात म्युझियम असतं, वस्तू शोधावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे. त्यांच्या पानावरच्या फोटोंत फक्त माणसं दिसत असतील आणि एकाही वस्तूचा जवळून काढलेला फोटो नसेल, तर समजून जा.

व्यवहाराचं बोलायचं तर, सगळ्यात मोठी अडचण बंद दाराची. ही ठिकाणं अनेकदा एक-दोन माणसांच्या जिवावर चालतात. थंडीत बंद, सोमवारी बंद, पुतणीचं लग्न म्हणून बंद. एकदा मी दोन बस बदलून एका गावात पोचले तर दारावर हाताने लिहिलेली चिठ्ठी: पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या देशात होते. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करते. फोनचा आणखी एक फायदा असा की कोणीतरी खास येतंय हे कळलं की तिथली माणसं खुलतात. काही संग्रहालयं तर कायमची मिटतात. अ‍ॅमस्टरडॅमचं पर्स-पिशव्यांचं संग्रहालय, पाच हजारांवर वस्तूंचं, मी 'पुढच्या खेपेला' म्हणून ठेवलं होतं. २०२० मध्ये ते बंद झालं.

फक्त त्याच्यासाठी प्रवास आखू नका, निदान पहिल्यांदा तरी. जिथे जाणारच आहात तिथून तासाभराच्या अंतरात काय आहे ते बघा. मुख्य ठिकाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, थकलेल्या संध्याकाळी नको. आणि तिथल्या माणसाला एक प्रश्न नक्की विचारा: यातली पहिली वस्तू कोणती आली? पाटीवर नसलेलं सगळं त्या उत्तरात येतं. 'सगळ्यात महाग कोणती' हे विचारलंत तर रोज सगळे ऐकतात तेच उत्तर मिळेल.

सोबतच्यांचं काय? त्यांना ओढून नेऊ नका. "तासाभरात येते, तू बस" म्हणायचं आणि निघायचं. आमच्याकडे तरी ही युक्ती लागू पडली आहे. यॉनशॉपिंगला नवरा आपणहून आला, आणि आता घरी काडी ओढण्याआधी पेटीची कड बघतो. मी बघितलं की पेटी खिशात टाकतो.

शेवटी एक ठिकाण, तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसणारं. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात ग्लोव्हर नावाच्या छोट्या गावात 'म्युझियम ऑफ एव्हरीडे लाइफ' आहे, २०११ पासून, एका जुन्या कोठारात. काड्या, सेफ्टी पिना, पेन्सिली, दातांचे ब्रश, असा एकेक विषय घेऊन तिथे प्रदर्शनं मांडली गेली आहेत. (सेफ्टी पिन बनवणाऱ्या वॉल्टर हंटने १८४९ मध्ये तिचं पेटंट ४०० डॉलरला विकून टाकलं, कारण त्याच्या डोक्यावर १५ डॉलरचं कर्ज होतं. त्या पिनेने पुढे कोणाकोणाचं भलं केलं असेल, हंटचं नाही.) तिथे तिकीट नाही, पहारेकरी नाही. आपणच दार उघडायचं, आपणच दिवे लावायचे, वाटलं तर पेटीत पैसे टाकायचे आणि जाताना दिवे बंद करायचे. आम्ही निघालो, गाडीपर्यंत पोचलो आणि नवरा म्हणाला, "आतल्या खोलीतला दिवा बंद केलास ना?" मला आठवेना. दोघं परत गेलो. बंद होता. मग एवढ्यावर आलोच आहोत म्हणून त्याने पुन्हा लावला.