घरपट्टी माफ आहे, पण वयामुळे नाही

प्रश्न: माझं वय 74. पुण्यात पतीच्या नावावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, दोन वर्षांपूर्वी वारले. मृत्युपत्र नाही. मुलगा आणि मुलगी, दोघं परगावी. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिच्याकडे होते. त्या काळात पालिकेचा माणूस येऊन कुलूप बघून गेला, असं शेजारी सांगतात. परत आले तर बिलात 40 टक्के सवलतच नाही. शेजारी म्हणतात, ज्येष्ठांना घरपट्टी माफ असते, भरूच नका. मुलगा म्हणतो, घर मला बक्षीसपत्राने दे, कर मी भरतो. काय करू?

उत्तर: काकू, आधी शेजाऱ्यांचं. नुसती साठी उलटली म्हणून पुण्यात मिळकतकर माफ होत नाही. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली ती घराच्या मापावर, मालकाच्या वयावर नव्हे. बहुधा तिथूनच ही गोष्ट उडत तुमच्या जिन्यापर्यंत आली असावी. तिच्या भरवशावर बिल थकवलंत तर दरमहा 2 टक्के शास्ती चढेल. आज परवडतील तेवढे पैसे भरा, सोबत ‘हरकत राखून भरत आहे’ असं पत्र द्या.

आता 40 टक्क्यांचं. ही सवलत स्वतः राहणाऱ्याला आहे. 1970 पासून चालत आलेली, मध्यंतरी बंद पडलेली आणि 2023 मध्ये राज्य सरकारने पुन्हा दिलेली. मुलीकडे सहा महिने राहिलात म्हणून घर भाड्याने दिलं असं होत नाही. कुलूप म्हणजे भाडेकरू नव्हे. पण हे पालिकेला कागदावर दाखवावं लागतं. त्यासाठी पीटी-3 अर्ज आहे. सोबत सोसायटीचं तुम्ही तिथेच राहता असं पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसचं पुस्तक. त्या सहा महिन्यांची वीजबिलंही लावा. युनिट जवळजवळ शून्य असतील तर घर रिकामं होतं, त्यात कुणी भाडेकरू नव्हता, हे मीटरच सांगेल. अर्ज तुमच्या पेठ निरीक्षकाकडे, म्हणजे तुमच्या भागाचा मिळकतकर बघणाऱ्या पालिकेच्या कर्मचाऱ्याकडे जाईल. ते तोंडी ‘बघतो’ म्हणतील, तेवढ्यावर परत फिरू नका.

खरी गोष्ट मात्र तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात: पती सुभेदार होते. 2020 मध्ये राज्य सरकारने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करातून माफी देणारी योजना आणली. ती राज्यातल्या एकाच घराला मिळते, त्यामुळे दुसरीकडे लाभ घेतलेला नाही असं घोषणापत्र लागतं, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला. तुमच्याकडे पतीचं डिस्चार्ज बुक आणि तुमच्या पेन्शनचा आदेश असेलच. तेवढ्यावर दाखल्याचं काम सुरू होतं. माफीचा आदेश हातात आला की बिलातली शीर्षं एकेक करून ताडून बघा. बिलात पालिकेच्या करांसोबत सरकारचेही कर असतात, त्यामुळे रक्कम थेट शून्य होईल असं धरून चालू नका.

अडचण इथे आहे: बिल अजून दिवंगत माणसाच्या नावाने निघतंय. माफी मागायची तर आधी तुमचं नाव लागलं पाहिजे. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन ते काम त्याच कार्यालयात होतं. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुम्ही असलात तरी त्याने मालकी येत नाही, आणि करबिलावरच्या नावानेही येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

म्हणूनच मुलाच्या सूचनेला माझा साफ नकार आहे. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू होतो आणि सासूबाई हयात नाहीत, असं धरतो. मृत्युपत्र नसताना पतीच्या मालमत्तेत तुमचा, मुलाचा आणि मुलीचा सारखा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. पूर्ण घर बक्षीस द्यायला ते पूर्ण तुमचं नाहीच! जे आहे तेही दिलंत, तर ज्या घरावर तुम्ही विधवा म्हणून माफी मागणार ते घरच तुमचं उरणार नाही. पुढे मुलाने बघितलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण सांभाळण्याची अट कागदात नसेल तर ते सिद्ध करताना फार दमछाक होते. वर्षाच्या घरपट्टीसाठी कुणी हे करत नाही.

उलट करा. मुलाला आणि मुलीला त्यांचे हिस्से तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड पत्राने सोडायला सांगा. मुलाला खरंच कर भरायचा असेल तर तो तसाही भरू शकतो. ऑनलाइन बिल भरायला घराचा मालक असावं लागत नाही.

पालिकेत जाताना प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घेऊनच बाहेर पडा. लेखी नकार आला तर तो त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा, कारण करआकारणीविरुद्ध न्यायालयात अपिलाची मुदत जेमतेम 15 दिवसांची असते.