वाचकांचे प्रश्न : हेल्थ बारचा शेवटचा लाल तुकडा

प्रश्न : व्हिडिओ गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात असणारा, पात्राचा उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्टीचा हेल्थ बार सुरुवातीच्या दोन-चार फटक्यांतच निम्मा होतो, मात्र शेवटचा लाल तुकडा उरला की तो बराच वेळ टिकतो, असे मला अनेकदा जाणवते. हा माझा भास आहे का? आणि मुळात ही पट्टी चालते कशी?

उत्तर : सगळ्याच गेमबद्दल नाही, पण काही गेमबाबत आपली शंका अगदी रास्त आहे. ती उलगडण्यासाठी आधी पट्टी आणि तिच्यामागचा आकडा वेगळे करावे लागतील. प्रोग्रॅमच्या लेखी पात्राचा जीव म्हणजे एक साधी संख्या असते आणि आपल्याला दिसणारी पट्टी हे त्या संख्येचे चित्र. समजा, पात्राकडे 80 गुण आहेत, शत्रूच्या तलवारीचा वार 12 गुणांचा आहे आणि त्यातला एक तृतीयांश भाग चिलखत झेलते. तर वार बसताच 8 गुण वजा होऊन 72 उरतात, आणि पट्टीची पूर्ण लांबी 200 पिक्सेल (पडद्यावरचे सर्वांत लहान ठिपके) असल्यास ती 180 पिक्सेलवर येते. हे सरळ त्रैराशिक झाले. खरी अडचण येते ती टोकाला. 1000 गुणांपैकी 1 गुण उरला, तर हिशेबाने पट्टी पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्याएवढी उरते. म्हणजे ती दिसतच नाही आणि पट्टी रिकामी असूनही पात्र मजेत धावत राहते. खेळणाऱ्याला ही चूक वाटू नये म्हणून संख्या शून्य होईपर्यंत किमान एक पिक्सेल तरी रंगवायचाच, अशी तजवीज काळजीपूर्वक काम करणारे प्रोग्रॅमर करून ठेवतात.

चित्र आणि संख्या यांच्यातल्या या अंतराचा मुद्दाम उपयोगही करता येतो. 2017 मध्ये ट्विटरवर झालेल्या एका चर्चेत गेम डिझायनरांनी आपापल्या अशा छुप्या युक्त्या उघड केल्या, तेव्हा ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये पट्टीच्या शेवटच्या भागाला इतर भागांपेक्षा जास्त गुण दिलेले असतात, हेही पुढे आले. आपण अगदी थोडक्यात बचावलो, असे खेळाडूला वाटावे, एवढाच त्यामागचा हेतू. मला स्वतःला ही लबाडी क्षम्य वाटते, कारण जीव मुठीत धरून काढलेले ते अर्धे मिनिट जेवढे लक्षात राहते, तेवढी भरल्या पट्टीने जिंकलेली लढाई राहत नाही. अर्थात, पट्टी लाल झाली की आपणही जपून खेळू लागतो, त्यामुळे थोडे श्रेय आपल्यालाही घ्यायला हरकत नाही.

फटका बसल्यावर पात्र क्षणभर लुकलुकते, ते मात्र शोभेसाठी नसते. गेम सेकंदाला साधारण 60 वेळा पडदा नव्याने रंगवतो आणि प्रत्येक वेळी पात्र शत्रूला चिकटले आहे का, हेही तपासतो. नुसती ही तपासणी ठेवली, तर अर्धा सेकंद झालेला स्पर्श 30 फटक्यांएवढा भरेल आणि एकाच चुकीत सारा खेळ आटोपेल. म्हणून पहिला फटका मोजल्यावर थोडा वेळ पुढचे फटके मोजायचेच नाहीत, असा नियम असतो, आणि ती सवलत चालू असल्याची खूण म्हणजे ते लुकलुकणे. या हिशेबाशी सर्वांत सुंदर खेळ केला तो 1994 च्या ‘मदर 2’ने. तिथे गुणांचे आकडे गाडीच्या किलोमीटर दाखवणाऱ्या यंत्रासारखे एकेक करत फिरतात. जीवघेणा फटका बसला तरी आकडा शून्यावर पोहोचण्याआधी उपचार केले किंवा लढाई जिंकली, तर पात्र वाचते.

आता या संख्येचे मूळ. 1974 च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद-फाशांच्या खेळातून ‘हिट पॉइंट’ची, म्हणजे जीव असा गुणांत मोजण्याची, पद्धत सर्वत्र पसरली. त्याचे सहनिर्माते डेव्ह अर्नेसन यांनी ती नाविक युद्धांच्या खेळांतून उचलली होती. जहाज किती तोफगोळे सोसून बुडते, याचा तो हिशेब होता. एक गुण उरलेले पात्रही बहुतेक गेममध्ये शंभर गुणांच्या पात्राइतक्याच वेगाने धावते. न लंगडण्याची ही सवय त्या जहाजांशी ताडून पाहिली, की फारशी विचित्र वाटत नाही.

प्रश्न : अलीकडच्या काही गेममध्ये पट्टी दिसतच नाही. मग जीव किती उरला, हे कसे कळते?

उत्तर : संख्या तिथेही असते, फक्त ती दाखवण्याची रीत बदलते. 2001 च्या ‘हेलो’मध्ये आडोशाला थांबल्यावर आपोआप भरणारे कवच आले, तरी त्याखाली खरी पट्टी होतीच. 2005 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी 2’ने तीही काढून टाकली. तिथे मार बसला की पडदा लाल होतो आणि थोडा वेळ मार चुकवला की तो पुन्हा निवळतो. ‘डूम’ने तर 1993 मध्येच आकड्याशेजारी नायकाचा चेहरा ठेवला होता, गुण घटतील तसा तो अधिकाधिक रक्तबंबाळ होई. मला सर्वांत आवडलेला तोडगा 2008 च्या ‘डेड स्पेस’चा आहे. त्यात कॅमेरा सतत नायकाच्या मागे असतो, त्यामुळे उरलेला जीव त्याच्या पोशाखाच्या पाठीवर, नेमका कण्याच्या रेषेत, उजळलेल्या नळीतून दाखवला आहे.