बोट काढून झाली, आता काम काढ

प्रिय विद्यार्थिनी,

दृश्यकलेच्या शेवटच्या वर्षाला स्थलांतरितांच्या योगदानावर भित्तिचित्र करावं आणि पुढेही याच क्षेत्रात राहावं, असं तुझ्या मनात आहे. ‘हे समाजकार्य झालं, पोटापाण्याचं काय?’ असं वडील विचारतात. सोबतचं रेखाटन पाहिलं: बोट, सुटकेसी, दूर बघणारे चेहरे. हात छान आहे तुझा. पण ही माणसं अजून येतच आहेत! आल्यावर त्यांनी काय केलं, ते चित्रात कुठेच नाही.

लंडनमधली दोन कामं शेजारी ठेवून बघ. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं ब्रिटनमध्ये उतरली. त्यांनी आणि मागून आलेल्यांनी तिथली रुग्णालयं, बस, रेल्वे चालवली. वॉटर्लू स्थानकात शिल्पकार बेसिल वॉटसन यांनी या पिढीसाठी घडवलेल्या स्मारकात (२०२२) पुरुष, स्त्री आणि मूल सुटकेसींवर उभे आहेत. शिल्पकार व्हेरोनिका रायन यांनी मात्र हॅकनी भागात त्याच पिढीसाठी २०२१ मध्ये एकही माणूस घडवला नाही. सीताफळ, नीरफणस आणि सीताफळाच्याच कुळातलं साउरसॉप, अशी ब्राँझ-संगमरवराची भलीमोठी फळं त्यांनी फुटपाथजवळ ठेवली. रायन यांचा जन्मही मॉन्टसेरात या कॅरिबियन बेटावरचा. ब्रिटनमधलं कलेचं मानाचं टर्नर पारितोषिक २०२२ मध्ये त्यांना मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता. मला दुसरं काम जास्त भावतं. तुला पहिलं आवडलं तरी चालेल, पण का आवडलं ते लिहून काढ.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्त आहे. सुरुवातीची काही वर्षं शिकवणी किंवा पुस्तकांची चित्रं यांची जोड लागतेच. पण सार्वजनिक कला हा रीतसर व्यवसाय आहे. फिलाडेल्फियाने १९५९ मध्येच बांधकामखर्चातला एक टक्का कलेसाठी राखायचा नियम केला. पुढे बऱ्याच शहरांनी तसंच केलं. अशा कामासाठी प्रस्ताव, छोटी प्रतिकृती आणि अंदाजपत्रक द्यावं लागतं. बहुतेक वेळा ठरलेल्या एकाच रकमेत साहित्य, परांची, विमा आणि तुझं मानधन बसवायचं असतं. मानधन शेवटी उरेल ते घ्यायचं, असं करू नकोस. आधीच वेगळं लिही. हा हिशेब कॉलेजात क्वचितच शिकवतात, म्हणून एखाद्या भित्तिचित्रकाराकडे सुट्टीत उमेदवारी कर.

आणि ज्यांच्यावर चित्र काढतेस त्यांच्याशी बोल. त्यांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धर. कच्चं रेखाटन त्यांना दाखव. चेहरा रंगवण्याआधी लेखी परवानगी घे, कारण कुणाची कागदपत्रं अजून अडकलेली असतील, तर भिंतीवरचा ओळखू येणारा चेहरा त्याला महागात पडू शकतो. अशा वेळी हात काढ, अवजारं काढ.