पुण्यात सोसायटीच्या बोअरमधून भू-औष्णिक वीज (जमिनीखालच्या उष्णतेपासूनची वीज) मिळेल का?

नाही. खाली जाल तसं तापमान किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी वाढतं. २०० फुटांच्या बोअरला जेमतेम दीड-दोन अंशांचा फरक. बायनरी प्लांटलाही (गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवून टर्बाइन फिरवणारा) शंभरेक अंशांचं पाणी लागतं, म्हणजे खडक फोडत अडीच-तीन किलोमीटर. तिथे पाणी खेळायला भेगा नसल्या तर पैसे गेलेच. देशात खरी आशा लडाखच्या पुगा खोऱ्यात.

बंगल्याला ग्राउंड सोर्स हीट पंप (घरातली उष्णता जमिनीत सोडून घर थंड करणारं यंत्र) मात्र बसतो: बोअरमध्ये एचडीपीई या प्लास्टिकच्या पाइपचा यू-लूप (खाली जाऊन वळून वर येणारा पाइप), भोवती बेंटोनाइट मातीचं ग्राउट, म्हणजे पोकळी भरणारा गारा. ग्राउटमध्ये पोकळी राहिली की उष्णता खडकात नीट जात नाही. दुसरी अडचण पुण्याच्या हवेची. इथे कूलिंगच जास्त, त्यामुळे लूपभोवतीचा खडक वर्षागणिक तापतो नि वीजबिल वाढतं. म्हणून पंपाला डीसुपरहीटर (पंपातली थोडी उष्णता काढून पाणी तापवणारा भाग) जोडून घ्या. पंप चालू असताना आंघोळीचं पाणी त्यावर तापतं, खडकावरचा भारही उतरतो.